वरचे दात जाण्याआधी

सर्व संबंधितांना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते, की श्रीगोंद्याच्या अलीकडे, उसाच्या दोन फडांमध्ये दबून बसलेल्या आमच्या घरात काल दुपारी मळीचा वास शिरला आहे. सदर वास खिडकीतून आला, ओसरीवर थांबला नाही, कुणाची परवानगी न घेता थेट आतल्या खोलीत गेला आणि तिथल्या गाद्यांवर बसला. साखर कारखाना सुरू झाल्याची हीच अधिकृत सूचना समजावी. हुकुमावरून.

हसू नका. ज्यांनी मळीचा वास घेतलेला नाही, त्यांच्यासाठी सांगते. गूळ करपावा, त्यात कुणीतरी ओलं गवत बुडवावं आणि ते तिथंच विसरून जावं, असा काहीसा तो असतो. पुण्याचे पाहुणे नाकाला रुमाल लावतात. आम्हाला मात्र तो आला की घरात कुणीतरी मोठं माणूस परतल्यासारखं वाटतं. माणसांना त्या वासानं काय काय आठवतं! कुणाला उसाची ट्रॉली, कुणाला लग्नाचा बस्ता, कुणाला शाळा चुकवून पळवलेलं कांडं. मला माझ्या सासऱ्यांचे वरचे पुढचे दात आठवतात. आता ही गोष्ट एका वाक्यात समजावून सांगता येण्यासारखी नाही, म्हणून हा लेख.

सासऱ्यांना आम्ही मामा म्हणतो आणि सासूबाईंना आत्या. मी शाळेत संगीत शिकवते, म्हणजे पोरं बाकं वाजवतात आणि मी पेटी. मामा आयुष्यभर बँडमास्तर होते. लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर, छातीवर पितळी बटणांच्या दोन रांगा आणि तोंडात क्लॅरिनेट. मामांचे वडील बौद्ध झाले तेव्हा त्यांनी घरातली हलगी खाली ठेवली ती कायमची. गावकीचं वाजवणं बंद म्हणजे बंद. पुढं पोरानं क्लॅरिनेट हातात घेतलं तेव्हा घरात मोठं भांडण झालं. "पुन्हा वाजवायलाच निघालास व्हय रं?" असं वडिलांनी विचारल्यावर मामा म्हणाले होते, "बोलावनं आलं, बोली ठरली, कोट चढवला, मगच वाजवनार. कुनी हाळी मारली म्हनून न्हाई." त्यामुळे तो कोट म्हणजे नुसता कोट नाही. आमच्या घरात तो माणसांच्या आधी मोजला जातो.

मग डीजे आला. टेम्पोवर भिंतीएवढे स्पीकर चढले, आणि कोट कपाटात गेला. जयंतीच्या मिरवणुकीपुरता बाहेर यायचा, पुन्हा आत.

मी मूळचीच उपद्व्यापी. घरात एक चांगला माईक आणि लॅपटॉप आणून मी आतली खोली 'स्टुडिओ' करून टाकली होती. दाराला गोधडी, खिडकीला दुसरी गोधडी, भिंतीला लग्नातल्या जुन्या गाद्या उभ्या लावलेल्या. मुंबईत काही कंपन्या असतात, त्या तयार धुना साठवून ठेवतात. मालिकावाल्यांना प्रसंगाला हवी तशी धून ते त्यातून घेतात, परवान्याचे पैसे देतात आणि वाजवणाऱ्याचं नाव कुठंतरी बारीक अक्षरात लागतं. मी मामांचं क्लॅरिनेट आणि माझा कीबोर्ड अशा काही धुना दिवाळीच्या सुट्टीत ध्वनिमुद्रित केल्या आणि दिल्या पाठवून. मामांना सांगितलं, "टीव्हीवर येणार तुम्ही." मामांनी कपाटातून कोट काढून उन्हात टाकला.

गंमत अशी, की या कंपन्यांना प्रत्येक धुनेची मनःस्थिती लिहून द्यावी लागते. आनंदी, उदास, वगैरे. त्यांच्या यादीत एक होती, 'आशादायी, पण किंचित उदास'. मामांना मी ती वाचून दाखवली. त्यांनी क्लॅरिनेटची पत्ती जिभेवर भिजवत बराच विचार केला आणि विचारलं, "म्हंजे पोरगी सासरी निघालीया, पन सासर जवळच हाय, आसं?"

इतकी अचूक व्याख्या मी कोणत्याही शास्त्रात वाचलेली नाही.

आणि मग, कारखान्याचा भोंगा त्या वर्षी पहिल्यांदा वाजला त्याच आठवड्यात, आमच्या सगळ्या धुना परत आल्या. नाकारल्या होत्या. मी फोन केला तेव्हा तिकडून एक गोड आवाजाची मुलगी बोलली. मृण्मयी तिचं नाव. "मॅडम, टोन कसला भन्नाट आहे! असा आवाज आमच्याकडे कुणाचाच नाहीये. पण काका कुठे थांबतच नाहीत हो. ते सलग वाजवतात. आमची हिरॉईन बोलणार कधी? आणि शेवट नाहीये. प्रत्येक ट्रॅक कुणीतरी प्लग काढल्यासारखा बंद पडतो. सुधारून पाठवा ना, मी नक्की पुन्हा ऐकेन."

मी हे मामांना शक्य तितकं मऊ करून सांगितलं. मामा ओसरीवर उन्हात बसले होते. म्हणाले, "हिरॉईनीला म्हनावं, नाच."

"मामा, तिला बोलायचं असतं."

"वाजवतोय तवर बोलायचं कशाला? वाजवतोय तवर नाचायचं. उभ्या तालुक्यानं ऐकलं, आन् मुंबईच्या पोरीला शेवट पायजे!" असं म्हणून ते उठले आणि वाळत घातलेला कोट घडी घालून आत घेऊन गेले. त्या घडी घालण्यात जे काही होतं, ते मला बघवलं नाही.

पण पोरगी खोटं बोलत नव्हती. मी रात्रीची भांडी घासता घासता त्या धुना पुन्हा ऐकल्या आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. वरातीच्या बँडला शेवट माहीतच नसतो! तुम्ही आठवून बघा. कुठल्या वरातीत गाणं संपलेलं ऐकलंय? वरात मांडवाशी पोचते, नवरदेवाचा कुणी चुलता पुढून हात वर करतो, ढोल एकदा धडाम वाजतो आणि सूर असेल तिथं तुटतो. मंगलाष्टकांचा नाहीतर त्रिसरणाचा माईक सुरू झालेला असतो, बँडकडं कोण बघतो. आणि मध्ये थांबणं? तो तर गुन्हाच. बँड मध्येच थांबला की मागच्या लोकांना वाटतं पुढं मारामारी झाली. नाचणारे करवले अंगावर येतात. मामा श्वाससुद्धा चोरून घ्यायला शिकले होते, ढोलाच्या आड, कुणाला कळू न देता. माणसानं सगळं आयुष्य न थांबण्याची तालीम केली आणि आता एक मुलगी फोनवर सांगत होती, काका, थांबा ना.

मी हे मामांना सांगितलं तेव्हा त्यांनी बोटांवर काहीतरी मोजून बघितलं. मग म्हणाले, "खरं हाय गं. मी एक बी गानं संपवलं न्हाई कदी. लोकांनीच संपवलं."

याच सुमारास दातांचं प्रकरण आलं. भाकरीचा घास तोडताना मामांनी गाल धरला. श्रीगोंद्यात दातांच्या डॉक्टरांनी वरचे पुढचे दात बोटानं हलवून बघितले. पेटीच्या पट्ट्यांसारखे हलले. हिरड्या गेल्यात, त्यात साखर वाढलेली, काढायलाच लागतील, डॉक्टर म्हणाले. मी विचारलं, कवळी बसवल्यावर क्लॅरिनेट वाजेल का? डॉक्टर प्रामाणिक माणूस. "काहींचं वाजतं. यांचं सांगता येत नाही." क्लॅरिनेटचं तोंड वरच्या दातांखाली घट्ट धरायचं असतं. दात हलला की सूर हलतो. दात गेला की काय होतं, ते आम्ही दोघांनी परतीच्या रिक्षात एकमेकांना विचारलं नाही. औषधं घेऊन संक्रांतीपर्यंत थांबायचं ठरलं. म्हणजे या माणसाचा आवाज जो काही पकडून ठेवायचा होता, तो संक्रांतीच्या आत. त्याच्यानंतर सुधारून पाठवायला माझ्याकडे कीबोर्ड असणार होता, मामा नाही.

मामांनी स्वतःहून कोट चढवला आणि स्टुडिओत येऊन बसले. "चल. थांबायला शिकीव."

हे जगातलं सगळ्यात अवघड शिकवणं होतं. पहिल्या दिवशी बटणं क्लॅरिनेटवर आपटून टकटक मुद्रित झाली.

"मामा, कोट काढा."

"कोटाबिगर आवाज निगत न्हाई."

"निदान बटणं उघडी ठेवा."

"उगड्या कोटानं वाजवायला मी काय लग्नात जेवून उठलोय?"

शेवटी प्रत्येक बटणावर मी कापसाचा बोळा बांधला. लाल कोट, सोनेरी झालर आणि छातीवर दोन रांगा पांढरे बोळे! कापसाच्या बोंडांचा हंगाम आल्यासारखं वाटत होतं. मग आम्ही सुरू करायचो, आणि रस्त्यावरून उसाची ट्रॉली जायची. ट्रॅक्टरवर गाणी लावायची आमच्याकडे रीतच आहे. ड्रायव्हर समोरच्याला दिसो न दिसो, ऐकू आला पाहिजे. ट्रॉली गेली की भोंगा. भोंगा झाला की शेजारच्या सुमनची म्हैस. माझा नवरा कारखान्यात वजनकाट्यावर आहे. मी त्याला म्हटलं, भोंगा जरा पुढं ढकलता येतो का? त्यानं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, त्या नजरेला मी लग्नापासून ओळखते.

आणि मध्ये जागा सोडणं मामांना जमेचना. मी बोटानं खूण करायची, मामा डोळे मिटून वाजवत राहायचे. मी खांद्यावर हात ठेवायची, तेवढ्यापुरते थांबायचे आणि धावत मागचं भरून काढायचे, उसनं फेडल्यासारखं.

मग मला युक्ती सुचली. आत्या ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत होत्या. मी त्यांना सुपासकट आत आणलं आणि मामांसमोर पोत्यावर बसवलं. "आत्या, तुम्ही हिरॉईन. तुम्ही बोलायचं. मामा, त्या बोलायला लागल्या की तुम्ही खाली यायचं. गप्प झाल्या की वर."

आत्यांनी पदर तोंडाला लावला. "मी काय बोलू बया?"

"काहीही."

"ह्यांच्या म्होरं मी कदी बोललेय?"

त्यांना ते विनोदानं म्हणायचं होतं, पण ते खरंच होतं. लग्नसराईत मामा घरी नसायचे, आणि पावसाळ्यात असायचे ते झोपलेले. दोघांचं बोलणं म्हणजे मीठ संपलंय, दार लाव, पोरगा तापलाय. बायकांनी वरातीत बँडमागं जायची रीत नव्हती. त्यातून बँडवाल्याच्या बायकोनं तर मुळीच नाही. नवरा वाजवतो कसा, हे सगळ्या तालुक्याला ठाऊक. आत्यांना नाही. घरी तालीम करायची नाही, हा वडिलांच्या भांडणापासूनचा करार होता.

पहिल्या दुपारी आत्या म्हणाल्या, "सुमनची म्हैस आटली." मामा वरून वाजवत सुटले. आत्यांनी आवाज चढवला, "म्हनलं, म्हैस आटली!" मामांनी त्याहून चढवला. आत्यांनी सूप आपटलं. "बग, ह्यो मानूस आसाच! कवाच ऐकत न्हाई!" ते सगळं अजून माझ्या लॅपटॉपमध्ये आहे. मन उदास झालं की मी ते लावते.

पण रोज दुपारी शाळेतून आल्यावर आम्ही तिघं त्या खोलीत बसू लागलो. बाहेर थंडी चढत होती, हरभऱ्याला घाटे धरत होते, गोधड्यांना मळीचा वास बसला होता. आत्या बोलत गेल्या. आधी म्हशीचं, मग तुरीचं, मग माहेरच्या विहिरीचं. आणि हळूहळू मामांचं क्लॅरिनेट खाली यायला लागलं. आधी नाइलाजानं, मग उत्सुकतेनं. कारण बाई बोलत होती ते त्यांनी कधी ऐकलेलंच नव्हतं. त्यांना पुढचं ऐकायचं होतं, म्हणून ते थांबत होते.

एके दुपारी आत्या शेंगेतले दाणे सुपात टाकत एकदम म्हणाल्या, "आपल्या वरातीत तुमी घोड्यावरून का उतारला हुता वो?"

मामांनी क्लॅरिनेट तोंडातून न काढता डोळे उघडले.

मला हे माहीत नव्हतं. स्वतःच्या लग्नात मामांनी स्वतःचाच बँड लावला होता आणि क्लॅरिनेट दुसऱ्या कुणाच्या तरी हातात दिलं होतं. तो बेसूर वाजवायला लागला. मामांनी निम्म्या रस्त्यापर्यंत सहन केलं आणि मग बाशिंगासकट घोड्यावरून उतरून त्याच्या हातातून क्लॅरिनेट ओढून घेतलं. रिकामा घोडा पुढं आणि नवरदेव मागं वाजवत चाललेला. मुलीकडच्या मांडवात हाहाकार.

"माजा बाप म्हनला, ह्यो नवरदेव हाय का वाजंत्री? पोरगी देतच न्हाई," आत्या म्हणाल्या. "मी आतल्या खोलीत हुते. भिंतीपल्याड. मला म्हाईत बी न्हवतं तुमीच वाजवताय म्हनून. बाप वरडत हुता, आन् मी ऐकत हुते." त्यांनी एक शेंग उचलली, पण सोलली नाही. "लई ग्वाड वाजवलं हुतं."

मामांचे ओठ पत्तीवर तसेच. कितीतरी वेळ खोलीत काही वाजलं नाही, आणि मग त्यांनी अगदी खालचा, एकच सूर लावला. तेवढाच. वर गेले नाहीत. आत्यांच्या बोलण्याला भिंतीपलीकडून कुणी तरी हुंकार द्यावा तसा. ती जागा माझ्या सगळ्या कीबोर्डाला जमली नसती. मी माईक बंद करायला विसरले होते, हे माझं भाग्य.

शेवट मात्र तरीही येईना. मी हात वर करायची, मामा थांबायचे, आणि चिडायचे. "तू हात केलास म्हनून थांबलो. माजं संपलं न्हवतं."

"मग संपवा ना."

"कसं कळतं संपलं म्हनून?"

या प्रश्नाचं उत्तर मला ठाऊक असतं तर मी शाळेत पेटी वाजवत बसले असते का? मी पोरांना शिकवते की षड्जावर यायचं, झालं. पण षड्जावर येणं निराळं आणि संपणं निराळं. माणसं फोन ठेवताना किती वेळा 'ठेवते' म्हणतात, बघा. उंबऱ्यात उभी राहून पुन्हा बोलत बसतात. संपवायला एक धीर लागतो. समोरचा हात वर करील, म्हणून आपण वाट बघत राहतो, म्हणजे दोष त्याच्यावर.

दात काढायच्या आदल्या दुपारी मामांचं तोंड सुजलं होतं. मी म्हटलं, राहू द्या. ते बसले. जोर लावता येत नव्हता म्हणून हळू वाजवलं, इतकं हळू, की कापसाचे बोळे लागलेच नसते. ती सासर जवळ असलेल्या पोरीची धून. आत्या त्या दिवशी काहीच बोलल्या नाहीत, तरी मामांनी त्यांच्यासाठी जागा सोडल्या. वाजवलं, थांबले, ऐकल्यासारखं केलं, पुन्हा वाजवलं. मी हात मांडीवर घट्ट दाबून ठेवले होते. सूर उतरत गेला, खालच्या षड्जाशी आला, तिथं थोडा टेकला, आणि मामांनी आपल्या हातानं क्लॅरिनेट तोंडातून काढलं. कुणीही हात वर केला नव्हता. आम्ही तिघंही श्वास धरून बसलो, कारण शेवटच्या सुरामागची शांतताही मुद्रित करावी लागते. ती मिळाली, पुरेपूर मिळाली, आणि मग भोंगा झाला.

"झालं," मामा म्हणाले. गालावर हात ठेवून, पण बँडमास्तरच्या आवाजात.

दुसऱ्या दिवशी दात गेले. मामांनी ते डॉक्टरांकडून मागून कागदाच्या पुडीत घरी आणले. आत्यांनी पुडी उघडून बघितली आणि लहान पोरांचे टाकतात तसे एकेक करून पत्र्यावर फेकले. "बगू, नवीन येत्यात का." मामा बोळक्या तोंडानं पोट धरून हसले, आणि हसताना दुखलं म्हणून रडले, किंवा उलटं असेल.

मृण्मयीनं त्यातल्या दोन धुना घेतल्या. बाकीच्या तिला अजूनही दाट वाटल्या. मी वाद घातला नाही.

कवळीवर मामांचं क्लॅरिनेट वाजत नाही. वारा बाजूनं निसटतो. महिनाभर त्यांनी झुंज दिली, आणि एका सकाळी क्लॅरिनेट पुसून, सांधे सोडवून, पेटीत ठेवून दिलं. पेटी बंद करायला त्यांनी कुणाची वाट बघितली नाही. आता या हंगामात ते माझ्या शेजारी बसून मला छळतात. मी कीबोर्डवर जरा भरून वाजवलं की म्हणतात, "थांब की. कुनाला तरी बोलू दे." काल मळीचा वास आला तेव्हा ते हेच म्हणत होते आणि आत्या दारात उभ्या राहून सुमनच्या म्हशीचं सांगत होत्या. दोघं आता फार बोलतात. कधी कधी मला गोधडी लावावीशी वाटते.

पण आमची धून टीव्हीवर लागली ती संध्याकाळ राहिली सांगायची. कुठल्या मालिकेत, कुठल्या दिवशी, ते मृण्मयीनं आधी कळवलं होतं, त्यामुळं आमच्या घरात सुमनसकट सगळी आळी. मामा खुर्चीत, कोट अंगावर, उपरण्यानं तोंड झाकलेलं, कारण कवळी अजून तयार नव्हती. आत्या टीव्हीच्या अगदी पुढ्यात, जमिनीवर. बराच वेळ दुसरंच काही चाललं होतं. मग स्वयंपाकघरातला प्रसंग आला. भरजरी साडीतली नायिका ओट्याशी उभी, नवरा पाठमोरा, आणि त्यांच्यामागून, भिंतीपलीकडून यावा तसा, मामांचा आवाज. नायिका बोलायला लागली. धून खाली आली, अगदी हवी तशी, जागा सोडत, वाट देत. मी मनात म्हटलं, बघ मृण्मयी, जमलं! आळी चिडीचूप. मामांनी उपरणं तोंडावर आणखी दाबलं. नायिका आपली बोलतेय, बोलतेय, तिचं संपेचना. आत्यांनी मान पुढं काढली, पुन्हा थोडी पुढं काढली, कानामागं हात धरला, आणि मग भरल्या घरात, टीव्हीवरच्या त्या बाईला, त्या मोठ्यांदा म्हणाल्या,

"ए बये, गप की जरा! आमचं मानूस वाजवतंय!"